मॅक्रो अडला नाही तर काळजी करा

रेकॉर्ड केलेला मॅक्रो पहिल्या दिवशी बहुधा बिनबोभाट चालतो. महिन्याभरानं नवी यादी येते, तेच बटण दाबलं जातं आणि पडद्यावर ‘रन-टाइम एरर १००४’ अशी चौकट उमटते. मग कोणी ‘एंड’ दाबून काम हातानं उरकतो, तर कोणी तो आकडा जसाच्या तसा इंटरनेटवर शोधत बसतो. शोधणाऱ्याच्याही हाती फारसं लागत नाही, कारण १००४ हा कोणत्याही एका चुकीचा क्रमांक नाही. संरक्षित शीटवर लिहायला जाणं, फाइल ठरलेल्या जागी नसणं, शीटला आधीच वापरलेलं नाव देणं, कॉपी केलेलं काही शिल्लक नसताना पेस्ट करणं, अशा कितीतरी भानगडींना एक्सेल हाच क्रमांक देतं. माझ्या मते रेकॉर्ड केलेल्या मॅक्रोची चूक कोडच्या व्याकरणात शोधायला जाणं हीच मुळात उलटी दिशा आहे. व्याकरण बरोबरच असतं, कारण ते यंत्रानं लिहिलेलं असतं. बदललेली असते ती शीटवरची परिस्थिती. रेकॉर्डिंगच्या दिवशी खरी असलेली कोणती गोष्ट आज खरी नाही, एवढाच प्रश्न धरून बसलं तर बहुतेक चुका लवकर सापडतात. याच प्रश्नानं आणखी एक अप्रिय गोष्टही उघड होते. मॅक्रो जिथे अडतो तिथे नुकसान थोडं होतं. जिथे अडायला हवा असून अडत नाही, तिथे मोठं.

रेकॉर्डर नेमकं काय टिपतो ते आधी पाहू. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ मध्ये मॅक्रो म्हणजे दाबायच्या कळांची माळ असे: खालचा बाण, उजवा बाण, एंटर. एक्सेलच्या १९९३ मधल्या पाचव्या आवृत्तीत व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स, म्हणजे व्हीबीए, ही भाषा आली. तिच्यात रेकॉर्डर कळा लिहून ठेवत नाही, त्या कळांनी काय घडलं ते लिहितो. अमुक शीट निवडलं, अमुक सेल निवडला, त्यात अमुक फॉर्म्युला घातला. पडद्याकडे पाहून तुम्ही मनाशी काय ठरवलंत, याचा मात्र त्याला पत्ता नसतो. यादी संपली म्हणून तुम्ही १२० व्या रोवर थांबलात की त्या रोशीच तुमचं काही काम होतं, हा फरक त्याच्या लेखी नाही. परगावच्या पाहुण्याला ‘लाल स्कूटर उभी आहे तिथून डावीकडे वळा’ असं सांगावं, तसा हा कारभार आहे; स्कूटर जागेवर आहे तोवर पत्ता अगदी अचूक. त्यातही त्याची एक तऱ्हा आहे. यादी माउसनं ओढून निवडली, तर कोडमध्ये ‘ए२ ते एच१२०’ असा पक्का पत्ता उमटतो. तीच यादी कंट्रोल आणि शिफ्ट धरून बाणांच्या कळांनी निवडली, तर ‘भरलेले सेल जिथवर आहेत तिथवर’ अशा अर्थाची ओळ उमटते आणि पुढच्या महिन्यात १५० नोंदी आल्या तरी ती चालते. उलट फॉर्म्युला खाली उतरवण्यासाठी सेलच्या कोपऱ्यातल्या बारीक चौकोनावर डबल-क्लिक करा. या कृतीचा अर्थच ‘यादी संपेपर्यंत’ असा आहे, तरी रेकॉर्डर तिचं ‘डी२ ते डी१२०’ करून टाकतो. म्हणजे मॅक्रो किती टिकाऊ होणार, हे पुष्कळदा रेकॉर्ड करणाऱ्याचा हात माउसवर होता की कीबोर्डवर, यावर ठरतं. शिकवणीच्या व्हिडिओंमध्ये हे क्वचितच कोणी सांगतो.

एखाद्या पतसंस्थेत दरमहा वसुलीची यादी बनते असं धरू. बँकेकडून आलेली फाइल उघडायची, सभासद क्रमांकानं लावायची, हप्ता आणि थकबाकी यांची बेरीज नव्या रकान्यात काढायची, थकबाकीदार गाळून वेगळे करायचे आणि शेवटी शाखावार पिव्होट टेबल करायचं. हे सगळं जूनमध्ये १२० रोंच्या यादीवर रेकॉर्ड झालं, तर त्या कोडमध्ये न बोललेली डझनभर गृहीतकं जाऊन बसतात. फाइल अमुक माणसाच्या डेस्कटॉपवर आहे. तिचं नाव तेच आहे. शीटचं नाव ‘जून’ आहे. यादी १२० व्या रोवर संपते, रकाने आठ आहेत, शाखा तिसऱ्या रकान्यात आहे, मध्ये एकही सेल रिकामा नाही, फिल्टर आधीपासून लावलेला नाही. कोणीही यातलं काही मुद्दाम ठरवलेलं नसतं. जूनमध्ये ते तसं होतं, इतकंच. मॅक्रो बिघडला की पहिल्यांदा कागद घेऊन ही यादी लिहावी. कोड उघडणं त्यानंतर.

यातली काही गृहीतकं मोडली की मॅक्रो ठणकावून अडतो. ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’ हा ९ क्रमांकाचा एरर ऐकायला भीतिदायक असला, तरी रेकॉर्ड केलेल्या मॅक्रोत त्याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच असतो: कोड ज्या नावाचं शीट किंवा वर्कबुक मागतो आहे, त्या नावाचं काही आत्ता उघडं नाही. ‘जून’चं ‘जुलै’ झालेलं असतं, किंवा नावाच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारी एक स्पेस चिकटलेली असते. पिव्होट टेबलची गोष्ट जरा मजेशीर आहे. रेकॉर्डिंग करताना एक्सेल नवं शीट घालतं आणि त्याला ‘शीट२’ म्हणतं. कोडमध्ये पुढच्या ओळीत पिव्होटचा मुक्काम ‘शीट२’ असा लिहिला जातो. चाचणी संपल्यावर आपण ते शीट काढून टाकतो, मॅक्रो पुन्हा चालवतो, आणि या वेळी नव्या शीटला एक्सेल ‘शीट३’ नाव देतं. कोड मात्र ‘शीट२’च मागतो आणि ५ क्रमांकाचा ‘इनव्हॅलिड प्रोसीजर कॉल’ पुढे येतो. पहिल्या प्रयत्नात चाललेलं दुसऱ्याच प्रयत्नात मोडतं, ते यामुळे. नवं शीट जन्माला येताच ते एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवावं आणि पुढे नावाऐवजी तो व्हेरिएबल वापरावा. दोन ओळींचं काम आहे. सुरक्षेच्या तक्रारी मात्र मी चुकांमध्ये धरत नाही. ‘एक्सएलएसएक्स’ म्हणून सेव्ह केलेल्या फाइलमध्ये मॅक्रो राहत नाहीत, ‘एक्सएलएसएम’ लागतं. आणि २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनं इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली आहे. तिथे कोड चालायलाच लागत नाही, तेव्हा त्यात चूक शोधण्यात अर्थ नाही.

एररची चौकट आली की ‘एंड’ न दाबता ‘डीबग’ दाबावं. त्याआधी एक खबरदारी घ्यावी: मॅक्रो नेहमी फाइलच्या प्रतीवर तपासावा. मॅक्रोनं शीटमध्ये बदल केला की एक्सेलची अनडूची यादी पुसली जाते आणि कंट्रोल-झेड कामाला येत नाही. ‘डीबग’ दाबल्यावर एक ओळ पिवळी होते, आणि इथे बहुतेक जण फसतात. पिवळी ओळ म्हणजे मॅक्रो जिथे थांबला ती जागा. चूक तिथेच झाली असं नव्हे. पेस्टची ओळ पिवळी झाली असेल, तर वर कुठेतरी कॉपी आणि पेस्ट यांच्यामध्ये असं काही घडलेलं असतं की कॉपीची धावती चौकट विझली. ‘सिलेक्शन’ या शब्दानं सुरू होणारी ओळ पिवळी झाली, तर खरा प्रश्न असा की या क्षणी निवडलेलं आहे तरी काय. रेकॉर्ड केलेला जवळपास सगळा कोड ‘आधी निवडा, मग निवडलेल्यावर काम करा’ अशा जोड्यांनी बनलेला असतो, त्यामुळे एक निवड चुकली की पुढची प्रत्येक ओळ निमूटपणे चुकीच्या जागी काम करते. म्हणून पडद्याच्या अर्ध्या भागात कोड आणि अर्ध्या भागात शीट ठेवावं, एफ८ ही कळ दाबत एकेक ओळ चालवावी आणि डोळे कोडवर न ठेवता शीटवर ठेवावेत. तुम्हाला अपेक्षित नसलेला सेल ज्या ओळीला निवडला जाईल, ती ओळ तुमची. नजरेवर विश्वास नसेल तर कंट्रोल-जी दाबून इमिजिएट विंडो उघडावी आणि प्रश्नचिन्ह टाकून ‘सिलेक्शन.ॲड्रेस’ किंवा ‘ॲक्टिव्हशीट.नेम’ विचारावं, एक्सेल तिथल्या तिथे उत्तर देतं.

एका प्रकारापुढे हे तंत्रही माणसाला चक्रावून सोडतं. मॅक्रो यादीतून चालवला तर उत्तम चालतो. तोच कोड कॉपी करून शीटवरच्या ॲक्टिव्हएक्स बटणामागे चिकटवला की ‘सिलेक्ट मेथड ऑफ रेंज क्लास फेल्ड’ म्हणून थांबतो. अक्षरही बदललेलं नसतं. कारण असं की रेकॉर्डर आपला कोड साध्या मॉड्यूलमध्ये ठेवतो आणि तिथे नुसतं ‘रेंज ए१’ म्हणजे समोर जे शीट आहे त्यातलं ए१. बटणामागचा कोड त्या शीटच्या स्वतःच्या मॉड्यूलमध्ये असतो, आणि तिथे नुसतं ‘रेंज ए१’ म्हणजे बटण ज्या शीटवर आहे त्यातलं ए१. आधीच्या ओळीनं दुसरं शीट समोर आणलेलं असतं. आता न दिसणाऱ्या शीटवरचा सेल निवडायला सांगितलं जातं आणि एक्सेल नकार देतं. इथे बदललेली परिस्थिती म्हणजे कोडचा पत्ता. कोड पुन्हा साध्या मॉड्यूलमध्ये नेऊन बटणामागून फक्त त्याला हाक मारावी, किंवा प्रत्येक ‘रेंज’च्या आधी शीटचं नाव लावावं.

इथवरच्या चुका आवाज करणाऱ्या होत्या. आता न बोलणाऱ्या पाहू. जुलैमध्ये १५० नोंदी आल्या आणि फॉर्म्युला ‘डी१२०’ पाशी थांबला, तर शेवटच्या नोंदींसमोर रकाना रिकामा राहतो. एरर येत नाही. आणि एकूण बेरीज कमी भरते, पण संशय यावा इतकी कमी नसते. फिल्टर रकान्याच्या नावानं नव्हे तर क्रमांकानं नोंदला जातो. शाखेच्या आधी कोणी एक रकाना घातला, तर ‘तिसरा रकाना’ आता वेगळाच असतो आणि गाळणी भलत्याच गोष्टीवर बसते. ४५ वा रो काढून टाकण्याची कृती रेकॉर्ड केली असेल, तर ज्या कोणाचं नाव ४५ व्या रोवर असेल ते जातं. सगळ्यांत वाईट सॉर्ट. कोडमध्ये सॉर्टची हद्द ‘ए१ ते एच१२०’ अशी पक्की लिहिलेली असते. संस्थेनं नववा रकाना ‘दंडव्याज’ म्हणून जोडला, की पहिले आठ रकाने सभासद क्रमांकानुसार वर-खाली होतात आणि नववा जागच्या जागी राहतो. एकाचं दंडव्याज दुसऱ्याच्या नावासमोर जातं. हातानं एकच रकाना निवडून सॉर्ट करायला गेलं, तर एक्सेल निवड वाढवायची का असं विचारतं; मॅक्रो कोणालाच विचारत नाही. फाइल सेव्ह झाली, की कोणतं दंडव्याज कोणाचं होतं हे त्या फाइलवरून परत कळण्याचा मार्ग उरत नाही.

तारखांची गोष्ट तर खास आपल्याकडची म्हणावी लागेल, कारण ती दिवस-महिना-वर्ष या क्रमानं तारीख लिहिणाऱ्यांनाच छळते. बँकेची सीएसव्ही फाइल हातानं उघडली, तर एक्सेल विंडोजमध्ये ठरवलेली भारतीय पद्धत पाळतं आणि ०५/०४/२०२४ म्हणजे ५ एप्रिल असं समजतं. हीच कृती रेकॉर्ड करून मॅक्रोनं उघडली, की व्हीबीए अमेरिकी पद्धत धरतं आणि त्याच आकड्यांचा ४ मे होतो. १३ तारखेपासून पुढे हे जमत नाही, कारण तेरावा महिना नाही. त्या तारखा तारीख न होता मजकूर म्हणून पडून राहतात. परिणाम विलक्षण होतो. १ एप्रिलचा व्यवहार ४ जानेवारीला जातो, २ एप्रिलचा ४ फेब्रुवारीला, आणि एप्रिलच्या पहिल्या बारा दिवसांचे व्यवहार वर्षाच्या बारा महिन्यांत एकेक करून विखुरले जातात. त्यातला ४ एप्रिल तेवढा जागेवर राहतो. रेकॉर्डिंग आणि पुन्हा चालवणं यांत कृती तीच, फाइल तीच, संगणक तोच. तरी निकाल वेगळा. ‘मी केलं ते हा करतो’ हा रेकॉर्डरबद्दलचा समज किती कच्चा आहे, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. फाइल उघडण्याच्या ओळीच्या शेवटी ‘लोकल’ हा पर्याय ‘ट्रू’ म्हणून जोडला की मॅक्रोही विंडोजची पद्धत पाळतो. खूण ओळखायची सोपी रीतही आहे: रकान्याला हातानं कोणतंही संरेखन दिलेलं नसेल तर खऱ्या तारखा सेलमध्ये उजवीकडे सरकलेल्या असतात आणि मजकूर झालेल्या डावीकडे. एकाच रकान्यात दोन्ही दिसल्या की थांबावं.

अशा गप्प चुका म्हणजे नवशिक्यांचं अज्ञान, असं कोणी म्हणेल. तसं मानण्यासारखा इतिहास नाही. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर गाजलेला लेख लिहिला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला विद्यार्थी थॉमस हर्न्डन यानं त्यांची मूळ शीट तपासली, तेव्हा सरासरीच्या फॉर्म्युल्याची हद्द पाच देश अलीकडेच संपत होती. मूळ निष्कर्षावरच्या आक्षेपांत या चुकीचा वाटा लहान होता, इतर कारणं मोठी होती. पण हद्द अपुरी आहे हे एक्सेलनं कोणालाही सांगितलं नव्हतं. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेनं प्रयोगशाळांच्या फाइली आपोआप जुन्या ‘एक्सएलएस’ स्वरूपात भरण्याची व्यवस्था केली होती. त्या स्वरूपात ६५,५३६ रो मावतात. २००७ नंतरच्या स्वरूपात १०,४८,५७६. पुढच्या नोंदी नुसत्या गळून पडल्या. कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांत वेळेवर आले नाहीत आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. यातली कोणतीही घटना रेकॉर्ड केलेल्या मॅक्रोची नव्हती. पण चुकीची जात तीच आहे: एका दिवशी पुरेशी असलेली हद्द दुसऱ्या दिवशी अपुरी पडते आणि यंत्र हूं की चूं करत नाही.

मग रेकॉर्ड पुन्हा का करू नये, हा पहिला आक्षेप. पाच मिनिटांच्या मॅक्रोसाठी तासभर डीबग करणं शहाणपणाचं नाही हे मान्य. पण त्याच सवयीनं पुन्हा रेकॉर्ड केलं, तर १२० च्या जागी दुसरा पक्का आकडा येईल आणि ऑगस्टमध्ये तीच पाळी. ‘यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस’ हे बटण दाबल्यानंही गृहीतक नाहीसं होत नाही, फक्त जागा बदलतं: पत्ता पक्का न राहता सुरुवातीच्या सेलपासूनचं अंतर पक्कं होतं, आणि मॅक्रो सुरू करताना कर्सर कुठे होता यावर सगळं अवलंबून राहतं. पुन्हा रेकॉर्ड करायचंच असेल तर आधी कंट्रोल-टी दाबून यादीचं टेबल करून घ्यावं, त्याला नाव द्यावं आणि मग रेकॉर्ड करावं. टेबलला आपली हद्द स्वतः माहीत असते. सॉर्ट पूर्ण टेबलवर होतो, नवा रकाना त्यात आपोआप येतो, फॉर्म्युला खाली उतरवावा लागत नाही, आणि कोडमध्ये पत्त्याऐवजी टेबलचं नाव उमटतं. फिल्टरचा रकाना तेवढा तिथेही क्रमांकानंच राहतो. कोड हातानं दुरुस्त करणाऱ्यानं यादीचा शेवट वरून खाली न शोधता शीटच्या तळापासून वर शोधावा. वरून खाली जाणारा बाण पहिल्या रिकाम्या सेलपाशी थांबतो, आणि यादीत एकच नोंद असेल तर थेट शेवटच्या रोपर्यंत घसरतो. त्याच्याही खालचा सेल मागितला की पुन्हा १००४.

दुसरा उपाय म्हणून ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही ओळ सुचवली जाते. ती सगळ्यात वर टाकली की एकही चौकट येत नाही. आतापर्यंतचं म्हणणं पटलं असेल, तर ही ओळ काय करते ते उघड आहे: आवाज करणारी प्रत्येक चूक ती गप्प चुकीत बदलते. शीट सापडलं नाही तरी पुढची ओळ चालते, आणि जे शीट समोर असेल त्यावर चालते. एखादं शीट आहे की नाही हे तपासण्यापुरती ती एका ओळीसाठी लावून लगेच उठवावी, एवढाच तिचा न्याय्य उपयोग.

रेकॉर्डर सोडून सरळ प्रोग्रामिंग शिका, असं जाणकार म्हणतात. त्यात अर्धं सत्य आहे. अट आणि पुनरावृत्ती, म्हणजे ‘जर’ आणि ‘जोवर’, या दोन गोष्टी रेकॉर्डर कधीच लिहू शकत नाही; त्या हातानंच घालाव्या लागतात. पण पेज सेटअपमधला समास किंवा पिव्होटमधल्या रकान्याचा क्रम बदलणाऱ्या आज्ञेचं नाव काय, हे मुरलेले प्रोग्रामरसुद्धा आठवत बसत नाहीत. रेकॉर्ड करून बघतात आणि नको त्या ओळी खोडतात. एक्सेल २००७ मध्ये आलेखांच्या सजावटीचं रेकॉर्डिंग बंद पडलं आणि २०१० मध्ये ते परत आलं, यावरूनही त्याची गरज दिसते. यादी स्वच्छ करण्यासाठी पॉवर क्वेरी वापरा, हा सल्ला मला जास्त पटतो. तिथेही रकान्यांची नावं पायऱ्यांमध्ये पक्की बसतात, पण ठरलेला रकाना सापडला नाही की ती बहुधा अडते आणि सांगते. गूगल शीट्सनं २०१८ मध्ये मॅक्रो रेकॉर्डर आणला. त्याचा कोड ॲप्स स्क्रिप्टमध्ये उमटतो, पण पक्का पत्ता की सापेक्ष पत्ता हा पेच तिथेही तसाच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटला कोड दाखवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. कोडचा अर्थ तो छान समजावतो, दुरुस्तीही सुचवतो. पण तुम्ही दाखवला तेवढाच मजकूर त्याच्यापुढे असतो. नववा रकाना कधी जोडला गेला हे कोडमध्ये नसतं, त्यामुळे न सांगता ते त्याला कळणं शक्य नाही. गृहीतकांचा तो कागद त्याच्यापुढेही ठेवावा लागतो.

राहिला प्रश्न गप्प चुकांना बोलतं कसं करायचं हा. जुने हिशेबनीस ताळा घेतल्याशिवाय वही मिटत नसत. मॅक्रोच्या शेवटीही ताळा घालता येतो. काम सुरू होण्याआधी नोंदींची संख्या आणि रकमेची बेरीज दोन व्हेरिएबलमध्ये धरावी, काम झाल्यावर पुन्हा मोजावी, जुळलं नाही तर मॅक्रोनं फाइल सेव्ह न करता निरोप दाखवून थांबावं. गळालेल्या आणि रिकाम्या राहिलेल्या नोंदी यात सापडतात. सॉर्टचा घोळ मात्र सापडत नाही, कारण दंडव्याजाचा रकाना जागेवर राहिला तरी त्याची बेरीज तीच राहते. त्यासाठी सभासद क्रमांक आणि दंडव्याज यांचा गुणाकार प्रत्येक रोवर घेऊन त्यांची बेरीज करावी. ‘समप्रॉडक्ट’ हा एकच फॉर्म्युला ते काम करतो. बरोबर सॉर्टमध्ये रो आख्खे हलतात, म्हणून हा आकडा बदलत नाही. जोड्या फुटल्या की तो बदलतो, आणि योगायोगानं तोच राहण्याची शक्यता नगण्य असते. सभासद क्रमांक मजकूर म्हणून साठवलेले नाहीत ना, हे आधी पाहून घ्यावं, कारण मजकुराला हा फॉर्म्युला शून्य धरतो. मग सॉर्टच्या आधीही शून्य, नंतरही शून्य, आणि ताळा खोटाच जुळतो.